मुकादमांना काहीच झालं नाही

कीरांनी मासा माझ्यासमोर कातळावर ठेवला आणि ते बाजूला सरले. बाकीचेही आपापल्या काठ्या खडकांच्या फटीत रोवून जवळ आले. मासा हातभर लांब होता, तपकिरी, अंगावर मळकट ठिपके. कल्ले अजून हलत होते.

"बघा मॅडम. आमच्यात कुणी हा बघितलेला नाय."

मी गुडघ्यांवर बसले. पाठीवरचे काटे पाहिले, शेपटीची कड पाहिली, तोंड उघडून दातांवरून बोट फिरवलं. गोबऱ्याच्याच कुळातला होता, फक्त ठिपक्यांची मांडणी वेगळी. खायला हरकत नाही, असं मी सांगितलं.

"काय मजा आहे बघा," कीर बाकीच्यांना म्हणाले. "ह्या हो म्हणणार, मग आपण खाणार. आणि ह्या स्वतः बटाटा खाणार."

सगळे हसले. मीही हसले. दर शनिवारी हे किंवा असंच काहीतरी होई.

तेव्हा मी रत्नागिरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. मी शिरोळकडची, जैन शेतकऱ्याच्या घरातली. आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. मी हा विषय घेतला तेव्हा वडिलांनी एकच विचारलं होतं, कापावं लागतं का? मी हो म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

प्रयोगशाळेतले मासे फॉर्मेलीनमध्ये राहून राहून सगळे एकाच पिवळट रंगाचे होतात. मला ते जिवंत रंगात बघायचे होते. बँकेतले मुकादम खातं उघडताना सहज म्हणाले की ते सुट्टीच्या दिवशी गरवायला जातात; गळ टाकून मासे धरायला तिकडे गरवणं म्हणतात. मी विचारलं, मी येऊ का? तेव्हापासून मी जात होते. सगळे हौशी लोक. कीरांचा फोटो स्टुडिओ होता, मुकादम बँकेत, रेडीजकाका पोस्टातून निवृत्त झालेले, आणखी तिघे-चौघे. मला त्यांच्या माशांचं जितकं कुतूहल होतं, तितकंच त्यांना माझं. तळताना वास येतो तेव्हा नेमकं काय वाटतं, असं मुकादमांनी एकदा फार गंभीरपणे विचारलं होतं. मी विचार करून सांगितलं की शेजारच्या घरातलं लग्न ऐकू यावं तसं वाटतं. कीरांनी मात्र पणच केला होता: माझी बदली व्हायच्या आत मला एक तरी तुकडी खायला घालायची.

तो मासा त्या संध्याकाळी शेवंतीवहिनींकडे गेला. वहिनींचे यजमान, वसंत शिवलकर, ह्या सगळ्यांत उत्तम गरवणारे होते म्हणे. ते गेल्यावर ह्या मंडळींनी एक रीत पाडून घेतली. शनिवारी धरलेला मासा वहिनींच्या बर्फाच्या पेटीत ठेवायचा, रविवारी त्यांनी रांधायचा, आणि दुपारी भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात बसून सगळ्यांनी जेवायचं. त्या जेवणाची चव ऐकून वहिनींना डबे मिळू लागले होते. पुढच्या रविवारी तर गरवण्याची स्पर्धा होती. पुण्या-कोल्हापुराहून माणसं येणार, पन्नास-साठ पानं. कीरांनी ते काम पहिल्यांदाच वहिनींना दिलं होतं. बंदरावरच्या लॉजचे मालक त्या दिवशी जेवायला येणार होते. त्यांना आवडलं तर लॉजचं जेवण कायमचं त्यांच्याकडे. वहिनींची मुलगी नववीत होती. "येवढं पार पडलं ना मॅडम," त्या मला म्हणाल्या होत्या, "की मी दारोदार डबे घेऊन फिरायची बंद."

मासा धरला त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, वहिनी डब्यांत अडकल्या होत्या, म्हणून जेवण रेडीजकाका रिक्षातून घेऊन आले. रिक्षातून त्यांनी आधी काय उतरवलं असेल तर एक मोठं पितळी तपेलं. उन्हात ते इतकं झळकलं की कीरांनी डोळ्यांवर हात धरला. काकांना जुन्या भांड्यांचा नाद होता. भंगारवाल्याकडून काळीठिक्कर भांडी आणायची आणि चिंच, राख, वाळू लावून महिना महिना घासायची. तपेल्यात सोलकढी होती, वर बर्फाचे खडे तरंगत होते.

"स्पर्धेच्या पत्रकात फोटो छापणार ना तू?" काका कीरांना म्हणाले. "मग काय, प्लास्टिकच्या बादलीचा छापणार होतास?"

कीरांनी खरंच बरेच फोटो काढले. मग पानं मांडली. गोबऱ्याचं कालवण होतं, तळलेल्या तुकड्या होत्या. मला भात, बटाट्याची भाजी, आणि सोलकढी. मुकादमांचा घसा बसला होता. त्यांनी आपला गरम पाण्याचा थर्मास आणला होता आणि ते खुणांनीच बोलत होते. दोन बोटं वर केली की कीर दोन तुकड्या वाढत. त्यांनी ती बोटं बऱ्याचदा वर केली. मला भाताबरोबर ओलं म्हणून दुसरं काही नव्हतं, तेव्हा मी कढीच्या वाट्यांवर वाट्या घेतल्या. घाटावरच्या माणसाला ती चव तशी परकीच. थोडी वेगळी लागली, पण कोकमं नवी असतील असं मनात आलं.

खोलीवर पोहोचेपर्यंत पोटात कालवायला लागलं. संध्याकाळपर्यंत मी मोरीतून बाहेर येऊ शकले नाही. ऊन बाधलं असेल असं मी धरून चालले, मीठ-साखरेचं पाणी घेतलं आणि झोपले.

सोमवारी मधल्या सुट्टीत मुकादम स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. बँकेच्या वेळेत ते कधी येत नसत. सगळे आजारी आहेत, त्यांनी सांगितलं. कीर, बाकीचे तिघे-चौघे, सगळ्यांना उलट्या. रेडीजकाकांना तर रात्री सलाईन लावलं, आज घरी सोडताहेत.

"आणि तुम्ही?"

"मला काहीच झालं नाही," ते खाली बघून म्हणाले. आवाज अजून घोगरा होता. "मीच सगळ्यांत जास्त खाल्ला, मॅडम. लोक माझ्याकडे अशा नजरेनं बघतात की मीच काहीतरी केलंय."

कधी सुरू झालं, असं मी विचारलं. जेवून तासाभरात, सगळ्यांना जवळजवळ एकदमच. अंगावर लाली आली होती का? डोकं ठणकत होतं का? तसं काही नव्हतं. बिघडलेल्या माशानं बहुधा लाली येते, डोकं ठणकतं. मला ते विचित्र वाटलं.

"मलाही झालं," मी म्हटलं.

मुकादमांनी मान वर केली. "तुम्हाला?"

"हो."

"पण तुम्ही तर..." ते थांबले आणि सभ्यपणे खिडकीबाहेर बघू लागले. काही विचारायचं नाही, असं ठरवताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मला त्या दिवशी कळलं.

"मी मासा खाल्ला नाही, मुकादम."

"नाही नाही. मी कुठे म्हणतो."

"तुम्ही म्हणत नाही, पण तुम्हाला वाटतंय. बसा जरा."

ते बसले. मी त्यांना म्हटलं की सगळ्यांना विसरून जाऊ. आपण दोघंच बघू. आपण दोघं ह्यात बसत नाही. मासा न खाता मी आजारी पडले, आणि सर्वांत जास्त खाऊन तुम्ही ठणठणीत. मासा दोषी असेल तर दोन्ही गोष्टी खोट्या पडायला हव्यात. मग काय खरं असेल? भात दोघांनी खाल्ला. बटाटा फक्त मी खाल्ला, पण बाकीचे बटाटा न खाता आजारी पडले.

मुकादमांनी हातातला थर्मास टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"मी कढी घेतली नाही," ते हळू म्हणाले.

मला फार बरं वाटलं. उदाहरण सुटल्यावर वाटतं तसं. ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंतच टिकलं.

संध्याकाळी आम्ही दोघं कीरांच्या स्टुडिओत गेलो. कीर पांढरेफटक होऊन खुर्चीत बसले होते, समोर लिंबूपाणी. मी काही बोलायच्या आत त्यांनीच सांगितलं की येत्या रविवारचं, स्पर्धेचं जेवण ते हॉटेलवाल्याला देणार, उद्या संध्याकाळी पक्कं करणार. मासा बर्फात नीट राहिला नसेल, वहिनीचं लक्ष राहिलं नसेल. बाहेरगावची माणसं येणार, धोका कोण घेणार?

"मासा ओळखण्यात माझी चूक झाली असेल, असं नाही वाटलं तुम्हाला?" मी विचारलं.

"छे, छे. तुमची कशी होईल? तुम्ही शिकलेल्या."

मुकादम माझ्याकडे बघत होते. मी कीरांना सांगितलं की माझी चूक नाही आणि बर्फाचीही नाही, कारण मीसुद्धा आजारी होते.

कीरांच्या तोंडावर हळूहळू रंग आला. ते खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे खाल्लीत," ते म्हणाले. "कधी खाल्लीत? मी फोटो काढत होतो तेव्हा? मुकादम, तुम्ही बघितलंत?"

मी नाही म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं. जितक्यांदा म्हणे तितका त्यांचा विश्वास घट्ट होई. लाजायचं कारण नाही, आपलीच माणसं आहोत, गावी कुणी कळवणार नाही, असं ते मला समजावू लागले. शेवटी मुकादमच त्या बसक्या आवाजात बोलले, कढीचं सगळं सांगितलं. कीर ऐकत राहिले. त्यांना पटलंही, कारण त्यांनी स्वतः किती वाट्या घेतल्या ते त्यांना आठवलं. मग ते म्हणाले, "बरं. पण कढी कुणी केली?"

त्यांनी लिंबूपाण्याचा एक घोट घेतला.

"वहिनीनंच ना? मग तेच झालं की. मासा काय नि कढी काय."

बाहेर पडताना मुकादम म्हणाले, "आपण जास्तच बिघडवलं." ते खरं होतं. माशाचं काय, तो नशिबानंही बिघडतो. कढी मात्र वहिनींनी आपल्या हातानं केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला सुट्टी टाकून मी वहिनींकडे गेले. त्या विळीवर नारळ खवत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"या. आता कढीचं पण सांगितलंत म्हणे."

"सांगितलं."

"माशाचं होतं तेवढं पुरत नव्हतं होय?"

मी पायरीवर बसले. घरात त्यातली कढी उरली होती का, असं विचारलं. उरली होती, त्या म्हणाल्या. बरणीत ठेवली होती, पोरीनं त्याच रात्री भातावर घेतली, त्यांनी स्वतः घेतली. पोर आज उड्या मारत शाळेत गेली. त्यांनी खवणं थांबवलं नाही, पण वेग कमी झाला. त्यांनाही ते आत्ताच लक्षात येत होतं.

"पाठवली कशातून?"

"प्लास्टिकच्या बादलीतनं. झाकण लावून. रेडीजकाका सकाळी लवकरच घेऊन गेले. म्हणाले, घरी बर्फ घालून ठेवतो, मग जेवणाच्या वेळेला नेतो."

"बनात आली तेव्हा बादली नव्हती. पितळी तपेलं होतं."

विळी थांबली. "माझ्याकडे तसलं तपेलं नाय."

"काकांचं होतं."

"आतनं कल्हई होती?"

मला ते तपेलं स्वच्छ आठवत होतं, रिकामं झालेलं, तळाशी गुलाबी थेंब. "आतून बाहेरून सारखंच होतं," मी म्हटलं. "सोन्यासारखं."

वहिनी उठल्या. हात पदराला पुसले, पायात चपला घातल्या, आणि फाटकापर्यंत जाऊन थांबल्या. "हे गेले तेव्हा पहिला माणूस हाच आला व्हता," त्या म्हणाल्या. "पेन्शनीची कागदं, पोरीची शाळा, सगळं यानी केलान. मॅडम, म्हाताऱ्याला तोंडावर नको सांगायला."

"मी सांगणार नाही," मी म्हटलं. "दाखवीन."

वाटेत कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मी दोन परीक्षानळ्या आणि अमोनियाची छोटी बाटली घेतली.

रेडीजकाका आरामखुर्चीत होते, हातावर सलाईनची पट्टी. पाहुणे आले म्हणून त्यांना आनंद झाला. भिंतीवर चारी बाजूंनी फळ्या आणि फळ्यांवर त्यांची भांडी: घागरी, पराती, तांबे, सगळी लखलखीत. मला एक छोटा प्रयोग करायचा आहे, त्यांचं तपेलं मिळेल का, असं मी विचारलं. प्रयोग म्हटल्यावर ते उठूनच बसले. मी लिंबं पिळून पाणी केलं, थोडं तपेल्यात ओतलं, थोडं स्टीलच्या वाटीत. आता थांबायचं, मी म्हटलं. वहिनी चहा करायला आत गेल्या.

थांबताना काका तपेल्याबद्दल बोलत होते. कुठून आणलं, कसं काळं होतं. बाहेरचं लगेच निघालं, आतलं मात्र हट्टी.

"आत एक राखाडी थर होता. असा घट्ट! भंगारवाला म्हणाला, राहू दे, आतून कोण बघतंय. म्हटलं, छे, अर्धवट काम मला जमत नाही. सगळा खरवडून काढला तेव्हा खरा रंग दिसला."

वहिनी कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. चहा पिऊन झाला, काकांनी आणखी दोन भांड्यांच्या गोष्टी सांगितल्या. मग मी वाटीतलं पाणी एका नळीत घेतलं, तपेल्यातलं दुसऱ्या नळीत, दोन्हींच्या मागे पांढरा कागद धरला आणि अमोनियाचे थेंब टाकले. वाटीतलं पाणी होतं तसंच राहिलं. दुसऱ्या नळीत आकाशी रंग उतरला. फिकट, पण स्पष्ट.

"वा," काका पुढे झुकले. "काय रंग आहे. कशाचा?"

"तांब्याचा."

"तांबं कुठून आलं ह्यात?"

"पितळेत असतं. आंबट पाण्यात उतरलं."

त्यांनी माझ्या हातातून नळी घेतली, खिडकीशी नेऊन उजेडात धरली. बराच वेळ ते पाठमोरे उभे होते. मला वाटलं, अजून रंगच बघत आहेत.

"सोलकढी मी सकाळीच ओतली होती," ते तसेच पाठमोरे म्हणाले.

वहिनींनी कप खाली ठेवला. "काका, तो राखाडी थर म्हणजे कल्हई व्हती."

"हो," काका म्हणाले. "आत्ता कळलं."

त्यांनी नळी सावकाश माझ्या हातात दिली आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि ते बटणं लावत होते. वहिनी म्हणाल्या, उद्या जावा, अजून अशक्त आहात. मी बरोबर येते म्हटलं. दोन्हीला त्यांनी नाही म्हटलं.

"कीर आज हॉटेलवाल्याला सांगणार आहे," ते म्हणाले. "रिक्षा तेवढी बोलवा."

स्टुडिओत काय बोलणं झालं ते मला कधीच नीट कळलं नाही. मुकादम त्या वेळी तिथे होते. त्यांनी एवढंच सांगितलं की काका बसले नाहीत, उभ्या उभ्या बोलले, आणि कीर मध्ये एकदाही हसले नाहीत.

दिवेलागणीच्या आधी कीर वहिनींच्या अंगणात आले. मी तिथेच होते; वहिनींनी मला जाऊ दिलं नव्हतं. पायरीवर बसून मी त्यांना वाल सोलू लागत होते. कीर तुळशीपाशी उभे राहिले. घसा खाकरला. रविवारचं तुम्हीच करायचं, असं ते म्हणाले. मग लॉजवाल्यांनाही निरोप दिलाय, ते येणार आहेतच, असं म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "मॅडम, तुम्ही खाल्ला नव्हता ते पटलं हां," असंही म्हणाले, पण त्या वाक्यात त्यांना थोडं वाईट वाटलेलं दिसत होतं.

वहिनींनी त्यांना बसा म्हटलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"मॅडम, तुम्ही काय खाणार रविवारी?"

"जे असेल ते. माझं काय."

"जे असेल ते नाय. तुमच्याकडे काय करतात? घरी आई काय करते, ते सांगा."

मी हातातले वाल खाली ठेवले. मग सांगितलं: ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, दाण्याची आमटी. दाण्याची आमटी त्यांनी कधी ऐकली नव्हती. दाण्याची म्हणजे शेंगदाण्याची? नुसत्या? डाळ नाही? मग दाट कशानं होते? मी सांगत गेले, त्या विचारत गेल्या. आंबट काय घालता, गूळ किती, फोडणी आधी की मागनं. मला वाटलं होतं त्याहून मला जास्त येत होतं.

"वहिनी," कीर म्हणाले, "पन्नास-साठ माणसांचं ठरवायचं आहे. सुरमई किती, पापलेट किती..."

"थांबा ओ," वहिनी मागे न बघता म्हणाल्या. "आधी ह्या एका माणसाचं होऊ दे. हां मॅडम, मग दाणे भाजून घेता, का कच्चेच वाटता?"